पंचगंगेकाठची पोलिश बिऱ्हाडं

‘दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरच्या महाराजांनी पोलंडच्या निर्वासितांना आसरा दिला’ असं आपण एका वाक्यात सांगतो आणि अभिमानानं पुढे जातो. अभिमान खोटा नाही, पण वाक्य अपुरं आहे. १९४३ च्या मध्यावर कोल्हापूरजवळ वळिवड्याला या निर्वासितांची छावणी वसू लागली तेव्हा कोल्हापूरच्या गादीवरचे शिवाजी महाराज दोन वर्षांचेही नव्हते. राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरात वारले होते. ताराबाई महाराणी रीजन्सी मंडळामार्फत कारभार पाहत होत्या आणि त्या कारभारावर इंग्रज रेसिडेंटची नजर होती. जागा संस्थानची, देखरेख दिल्लीच्या सरकारची, आणि पैसा लंडनमध्ये बसलेल्या परागंदा पोलिश सरकारचा, तोही बऱ्याच अंशी ब्रिटनकडून उसना घेतलेला. एका राजाच्या औदार्याची कथा केली की हे सगळे धागे गळून पडतात. आणि ज्यांनी परक्या मुलखात पाच वर्षं एक अख्खं गाव चालवून दाखवलं ती पाच हजारांच्या आसपासची माणसंही गळतात. मला त्या माणसांबद्दल सांगायचं आहे.

ती आली कुठून, हे आधी नीट कळायला हवं. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलरनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला हे शाळेच्या पुस्तकात असतं. १७ सप्टेंबरला स्टालिनच्या फौजा पूर्वेकडून घुसल्या, हे मात्र बहुतेकांच्या वाचनातून निसटतं. पूर्व पोलंड सोविएत रशियानं गिळला आणि तिथल्या ‘नको असलेल्या’ लोकांची यादी करायला घेतली. पहिल्या महायुद्धानंतर जमिनी मिळालेले माजी सैनिक, जंगलखात्यातले नोकर, पोलीस, शिक्षक, अधिकारी, आणि या सगळ्यांची बायकामुलं. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पहिली उचलबांगडी झाली. पहाटेच्या अंधारात दारावर थाप पडायची. बंदूकधारी शिपाई आत यायचे, घरातल्या पुरुषाला भिंतीशी उभं करायचे आणि बाईला सामान बांधायला अर्धा-एक तास द्यायचे. त्या तासात काय उचलायचं? कुणी शिवणयंत्र उचललं, कुणी पिठाचं पोतं, कुणी नुसतीच देवाची तसबीर. ज्यांनी पीठ आणि गरम कपडे घेतले त्यांची मुलं जगण्याची शक्यता जास्त होती, पण हे त्या घटकेला कुणाला ठाऊक असणार? मालगाडीच्या डब्यांत माणसं कोंबली जायची. मध्ये एक लोखंडी शेगडी, जमिनीला एक भोक, तेच शौचाला. असा प्रवास आठवडेच्या आठवडे चालायचा. वाटेत मेलेली तान्ही मुलं रुळांच्या कडेला बर्फात ठेवून गाडी पुढे निघायची.

एप्रिलमध्ये दुसरी खेप झाली. तीत मुख्यतः पकडलेल्या अधिकाऱ्यांची कुटुंबं होती आणि त्यांची रवानगी कझाकस्तानच्या गवताळ माळावर झाली. त्याच सुमाराला त्यांचे नवरे आणि बाप कातिन आणि इतर ठिकाणी डोक्यात गोळ्या घालून पुरले जात होते. बायकांना याचा पत्ता नव्हता. जूनमध्ये तिसरी खेप, १९४१ च्या जूनमध्ये चौथी. या चार खेपांत किती माणसं हलवली गेली यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. रशियन कागद सव्वातीन लाखांच्या आतबाहेरचा आकडा सांगतात, पोलिश पिढ्यांनी सांगितलेला आकडा त्याहून कितीतरी मोठा आहे.

सुटका झाली तीही युद्धाच्याच एका वळणामुळे. २२ जून १९४१ ला हिटलर स्टालिनवर उलटला आणि स्टालिनला मित्रांची गरज पडली. ३० जुलैला लंडनमध्ये पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की आणि रशियाचे राजदूत माइस्की यांनी करारावर सह्या केल्या. त्यानुसार पोलिश कैद्यांना ‘माफी’ जाहीर झाली. कुठलाही गुन्हा न केलेल्या लोकांना माफी! तरी पण छावण्यांची फाटकं उघडली. मॉस्कोच्या तुरुंगातून सुटलेले जनरल आंदेर्स दक्षिणेकडे पोलिश सैन्य उभं करताहेत ही बातमी कानोकानी पसरली आणि सैबेरियातून, अर्खांगेल्स्कच्या जंगलांतून चिंध्या गुंडाळलेली माणसं मिळेल त्या गाडीनं उझबेकिस्तानकडे निघाली. तिथे त्यांना टायफसनं गाठलं. सैन्याला मिळणाऱ्या शिध्यातूनच बायकामुलांना वाटा द्यावा लागे. आंदेर्सनी एक निर्णय घेतला आणि त्या निर्णयासाठी इतिहासानं त्यांचं ऋण मानायला हवं: सैन्य रशियाबाहेर पडेल तेव्हा नागरिकांनाही सोबत न्यायचं. इंग्रजांना सैनिक हवे होते. उपाशी बायका, खरजेनं भरलेली पोरं ही जबाबदारी त्यांना नको होती आणि रशियनांनाही या लोकांशी देणंघेणं नव्हतं. तरीही १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये क्रास्नोवोद्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे १ लाख १५ हजार माणसं इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. त्यांतले ३७ हजारांच्या आसपास नागरिक होते आणि त्यात मुलांचा भरणा मोठा होता.

पहलवीच्या वाळूवर तंबू ठोकले होते. कपडे उतरवून जाळले, डोकी भादरली, अंघोळी घातल्या आणि मग जेवायला वाढलं. दोन-दोन वर्षं उपाशी आतड्यांना चरबीचं मटण आणि भात सोसला नाही. सुटकेच्या किनाऱ्यावर पोचल्यावर, पोटभर जेवल्यावर माणसं मेली. मदत करणाऱ्याचं मन कितीही चांगलं असलं तरी उपाशी माणसाला काय, किती आणि कधी द्यायचं हे शास्त्र आहे, आणि ते शास्त्र पुष्कळदा असं माणसं गमावून शिकलं गेलं.

इराण हे मुक्कामाचं ठिकाण नव्हतं. तेहरानभोवतीच्या छावण्या भरून वाहत होत्या, इस्फहानमध्ये मुलांची वसतिगृहं उघडली होती, पण इतक्या लोकांना कायमचं ठेवायचं कुठे? त्या काळी निर्वासितांसाठी आजच्यासारखा संयुक्त राष्ट्रांचा उच्चायुक्त नव्हता, कारण संयुक्त राष्ट्रंच नव्हती. जगभर तारा गेल्या आणि ज्यानं हो म्हटलं तिकडे जहाज निघालं. टांगानिकातलं तेंगेरू, युगांडातलं मासिंदी, मेक्सिकोतलं सांता रोझा, न्यूझीलंडचं पाहियातुआ अशी ठिकाणं. आणि हिंदुस्थान.

हिंदुस्थानात पहिला हात पुढे केला तो नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी. ते नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष होते, युद्धमंत्रिमंडळात त्यांनी हिंदुस्थानचं प्रतिनिधित्वही केलं. मुंबईतले पोलिश वाणिज्यदूत एउगेनियुश बानासिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचं काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनी बरीच खटपट केली आणि १९४२ च्या वसंतात मुलांची पहिली तुकडी अश्गाबातहून मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा डोंगरवाळवंटांतला ट्रकचा प्रवास करून आली. मुंबईत वांद्र्याला काही आठवडे त्यांचा मुक्काम झाला, मग जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी समुद्रकाठी बांधलेल्या वस्तीत ती राहायला गेली. मला बापू म्हणा, असं त्यांनी त्या पोरक्या मुलांना सांगितलं होतं. हे बालाचडीत वाढलेली मुलं म्हातारपणीही सांगत राहिली, आणि वॉर्सात आज जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे. बालाचडीची गोष्ट राजाच्या मोठ्या मनाची आहे आणि ती तशीच सांगायला हवी.

वळिवड्याची गोष्ट निराळी. इथे नुसती अनाथ मुलं नव्हती, कुटुंबं होती. अर्थात मोडकी कुटुंबं. आई आणि दोन मुलं, आजी आणि नातू, दोन बहिणी. धडधाकट पुरुष आंदेर्सच्या सैन्यात होते, नाहीतर मातीखाली.

कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ पासून धावत होती आणि कोल्हापूरपासून पाचेक किलोमीटरवर, पंचगंगेच्या जवळ, वळिवड्याचा माळ त्या रुळांच्या कडेला होता. हवा मानवणारी, पाणी जवळ, आगगाडी दाराशी. कराचीच्या तात्पुरत्या छावणीतून एकेक तुकडी इकडे येऊ लागली. बराकींच्या लांबच लांब रांगा उभ्या होत्या. दगडी जोतं, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर लाल कौलं. एकेका बराकीत ओळीनं बिऱ्हाडं पाडलेली. प्रत्येक बिऱ्हाडाला दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे व्हरांडा. तट्ट्यातून शेजारच्या घरातला खोकला ऐकू यायचा, पावसाळ्यात भिंतींना बुरशी यायची, पण दाराला आतून कडी होती.

मला या स्वयंपाकघराचं फार महत्त्व वाटतं. सैबेरियात भाकरीचा तुकडा वजनावर मिळायचा, काम किती केलं यावर. इराणात मोठ्या कढईतून डाव भरून वाढायचे. वळिवड्यात दरमहा हातात रोख भत्ता मिळायचा आणि बाजारात जाऊन काय घ्यायचं ते बाईनं ठरवायचं. आसपासच्या गावांतून भाजी, अंडी, कोंबड्या, दूध घेऊन माणसं यायची. कोबी मिळाला की पोलिश बाई तो मीठ घालून आंबवणार, बटाट्याचं काहीतरी करणार, रविवारी केक. आज काय शिजवायचं हा प्रश्न तीन वर्षांनी पुन्हा आपल्या हाती येणं, याला मी मदत म्हणतो. निर्वासिताला जेवू घालणं सोपं असतं, त्याला घरचा कर्ता माणूस म्हणून वागवणं अवघड असतं, आणि वळिवड्याला ते बऱ्याच प्रमाणात साधलं.

कारभारही त्यांच्याच हाती होता. भारत सरकारचे निर्वासित अधिकारी आणि संस्थानचे अधिकारी वरून पाहायचे, पण आतला प्रमुख पोलिश होता, विभागांचे मुखिये पोलिश, दवाखान्यातले डॉक्टर-परिचारिका पोलिश. चर्च उभं राहिलं, वाचनालय झालं, नाटकमंडळी जमली, शिवणकामाच्या कार्यशाळा सुरू झाल्या. क्षयाची बाधा झालेल्यांना पाचगणीच्या हवेत पाठवायची सोय झाली.

सगळ्यांत आधी सुरू झाल्या त्या शाळा. बालवाडीपासून मॅट्रिकपर्यंत. मुलांची दोन-तीन वर्षं बुडालेली. बारा वर्षांच्या मुलाला लाकडं फोडता येत, भाकरीसाठी रांगेत रात्र काढता येई, पण वाचता येत नसे. शिकवणाऱ्या बहुतेक बायकाच. पुस्तकं नव्हती. बाईंनी फळ्यावर लिहायचं, मुलांनी वहीत उतरवायचं आणि ती वहीच पुस्तक. पोलंडचा भूगोल शिकवायचा, तो कधीच न पाहिलेल्या किंवा विसरत चाललेल्या मुलांना, समोर उसाचे फड असताना. कुणी तरी ठरवलं असेल की परत जाईपर्यंत या पोरांचं शिक्षण थांबता कामा नये. परत जायचं हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

स्काउटची चळवळ तर छावणीभर पसरली होती. ती उभी करणाऱ्यांत झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हा तरुण अधिकारी होता. कोझेल्स्कच्या ज्या कैदखान्यातून हजारो अधिकारी कातिनच्या जंगलात नेऊन मारले, त्याच कैदखान्यातून तो वाचला होता. पुढे तो धर्मगुरू झाला आणि कातिनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी त्यानं उरलेलं आयुष्य वेचलं. वळिवड्यात मात्र तो मुलांना घेऊन शेकोटीभोवती गाणी म्हणायचा, डोंगर चढायला न्यायचा. ज्यानं इतकं पाहिलं त्यानं मुलांसमोर हसतमुख राहणं हे मला त्या छावणीतलं फार मोठं काम वाटतं.

मराठी मुलखाशी पोलंडचा एक धागा याआधीच जुळला होता, हे इथे सांगायलाच हवं. मूळचे वॉर्साचे इंजिनीअर मॉरिस फ्रीडमन साताऱ्याकडच्या औंध संस्थानात अप्पासाहेब पंत आणि महात्मा गांधी यांच्याबरोबर ग्रामराज्याच्या प्रयोगात गुंतले होते. गांधीजींनी ज्यांना उमादेवी नाव दिलं त्या वांदा दिनोव्स्का याही पोलिशच. या दोघांनी १९४४ मध्ये पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढली. आपल्या देशातून आलेल्या या हजारो लोकांना हिंदुस्थान कळावा म्हणून भारतीय ग्रंथ पोलिशमध्ये आणण्याचं काम उमादेवींनी जन्मभर केलं.

आता एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. वळिवड्यात बराकी उभ्या राहत होत्या त्या १९४३ सालीच बंगालात दुष्काळानं माणसं रस्त्यावर मरत होती. मेलेल्यांचा आकडा २० ते ३० लाखांच्या घरात जातो. त्याआधी वर्षभर, जपानी फौजांपुढे ब्रह्मदेशातून पाचेक लाख हिंदी माणसं पायी निघाली. गोऱ्यांना बऱ्या वाटा आणि बरी वाहनं, हिंदी लोकांना चिखलातल्या डोंगरवाटा, असा भेद तिथे झाला आणि हजारो वाटेत संपली. त्यांच्यासाठी दोन खोल्या आणि व्हरांड्याचं बिऱ्हाड कुणी बांधलं नाही. कोल्हापूरच्या शेजारी साताऱ्यात तेव्हा नाना पाटलांचं पत्रीसरकार उभं राहत होतं, इंग्रजांच्या तुरुंगांत देशातली माणसं कोंबलेली होती. अशा वेळी गोऱ्या कातडीच्या परक्यांसाठी ही तजवीज झाली, हे एखाद्याला खुपलं असेल तर ते मला समजतं. पण दोष त्या पोलिश बायकामुलांचा नाही. मी यातून उलटा अर्थ काढतो: माणसांना असं जगवता येतं हे त्याच सरकारला, त्याच साली माहीत होतं. बंगालचं आणि ब्रह्मदेशच्या वाटेचं पाप त्यामुळे अधिकच मोठं ठरतं.

छावणीत आनंदाची बातमी क्वचित यायची. लोक राहायला येऊ लागले तेव्हा कातिनच्या कबरी सापडल्याची बातमी जेमतेम दोन महिन्यांची होती. रशियानं कातिनचा आरोप झिडकारून पोलिश सरकारशी संबंधच तोडले होते. ४ जुलै १९४३ ला सिकोर्स्की जिब्राल्टरजवळ विमान अपघातात गेले. ज्या माणसाच्या सहीनं आपण सुटलो तो गेला, अशी छावणीची भावना. पुढच्या वर्षी मे महिन्यात इटलीतल्या मोंते कासिनोच्या डोंगरावर आंदेर्सच्या सैनिकांनी पोलिश झेंडा रोवला. त्या सैन्यात इथल्या बायकांचे नवरे होते, मुलांचे भाऊ होते. विजयाच्या पाठोपाठ मेलेल्यांची नावं आली.

पण खरा घाव बसला तो फेब्रुवारी १९४५ मध्ये, याल्टाला. युद्ध जिंकायला आलं असताना रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पूर्व पोलंड रशियाकडेच ठेवायचं ठरवलं. ल्वूफ, विल्नो, वोविन, पोलेसिये: छावणीतल्या बहुतेकांची घरं याच भागातली. फळ्यावर काढलेल्या नकाशातलं आपलं गाव आता पोलंडमध्ये नव्हतं. ५ जुलै १९४५ ला ब्रिटन-अमेरिकेनं वॉर्सातल्या नव्या, मॉस्कोच्या मर्जीतल्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या नावानं भत्ता मिळत होता, शाळेचे दाखले निघत होते, ते सरकार एका दिवसात कागदावरून नाहीसं झालं. माणसं तीच, बराकी त्याच, फक्त आता ती कुठल्याच देशाची नव्हती.

पुढे खर्चाची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेकडे आणि नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. या संस्थांच्या अधिकाऱ्यांचा मुख्य प्रश्न एकच असे: तुम्ही मायदेशी का जात नाही? ज्यांना मायदेशातूनच मालगाडीत घालून नेलं होतं, त्यांनी या प्रश्नाचं उत्तर पुनःपुन्हा द्यावं, अर्ज भरावेत, मुलाखती द्याव्यात. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि तिथली मुलंही वळिवड्याला आली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कोल्हापूरचे बालमहाराज वारले. १५ ऑगस्ट १९४७ चा दिवस छावणीतल्या लोकांनी पाहिला, एका देशाला स्वातंत्र्य मिळताना, आपला देश गमावून बसलेले असताना.

ब्रिटननं १९४७ मध्ये कायदा करून आंदेर्सच्या सैनिकांना आपल्या देशात राहू दिलं, आणि मग ज्यांचं जवळचं माणूस सैन्यात होतं त्यांची वाट मोकळी झाली. बहुसंख्य इंग्लंडला गेले. काही पोलंडला परतले, काही पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडाला. इथल्या तरुणांशी लग्न करून मोजक्या मुली मागे राहिल्या, मराठी बोलू लागल्या, इथेच म्हाताऱ्या झाल्या. काही माणसं कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत राहिली. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. लंडनला गेलेल्यांनी पुढे भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची संघटना काढली, वर्षानुवर्षं एकमेकांना शोधून काढलं, आठवणींचा जाडजूड ग्रंथ स्वतः लिहून छापला, कोल्हापूरला पुन्हा पुन्हा भेटी दिल्या. महावीर उद्यानात त्यांचा स्मारकस्तंभ आहे आणि वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान तिथे फूल वाहायला गेले तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच लोकांनी वळिवड्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

बराकी मात्र फार काळ ओस पडल्या नाहीत. फाळणीनं सिंधमधून हिंदू कुटुंबं उखडली गेली होती, जहाजांतून मुंबईला उतरत होती आणि सरकार त्यांना जागा मिळेल तिथे पाठवत होतं. त्यांतली काही वळिवड्याला आली. जी कराची सोडून पोलिश बायकामुलं इकडे आली होती, त्याच कराचीकडून आता ही माणसं आली आणि त्याच कौलांखाली, त्याच तट्ट्यांच्या आड त्यांनी बिऱ्हाडं मांडली. वस्तीला गांधीनगर नाव पडलं. सिंध्यांना परत जायचं नव्हतं, तशी आशाही कुणी दाखवली नव्हती. त्यांना मताचा हक्क होता, पण पाच वर्षं पुरेल असा भत्ता नव्हता. कुणी डोक्यावर कापडाचे तागे घेऊन गावोगाव फिरलं, कुणी फळी टाकून दुकान मांडलं. तट्टे जाऊन विटा आल्या, व्हरांड्यांची दुकानं झाली. आज दक्षिण महाराष्ट्रातला आणि पलीकडे बेळगाव, निपाणीकडचा दुकानदार लग्नसराईचं कापड भरायला गांधीनगरच्या घाऊक बाजारात येतो, आणि वळिवडे स्टेशनवर गाडी अजूनही थांबते.